वेळ नेमका कुठे जातो?



संगणकावरचे भाषण म्हणजे डुलकीची सोय, हे आम्ही जाणतो. आरतीला थोडा वेळ आहे, तेवढ्यात आटोपतो.

मंडळाच्या जुन्या नोंदवह्यांतली सुमारे 12,000 नावे आम्ही संगणकावर उतरवली. एकच गृहस्थ एका वहीत कुलकर्णी, दुसरीत कुळकर्णी. अशा दुहेरी नोंदी शोधायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. रात्री सुरू केला की सकाळच्या चहाला संपायचा. पायथन संथ भाषा, असे आमचे एकमत झाले. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने उन्हाळ्याची सगळी सुट्टी घालवून तो सी++ मध्ये पुन्हा लिहिला. काम अर्ध्या तासावर आले. आम्ही त्याची पाठ थोपटली.

वेळ कुठे जातो, हे मात्र कोणी पाहिलेच नव्हते. प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडायचे म्हणजे सात कोटींहून अधिक जोड्या! जन्मसाल एक असणाऱ्यांचीच तुलना केली, तर त्या नऊ-दहा लाखांवर येतात. (साल नसलेली नावे वडीलधाऱ्यांनी डोळ्यांखालून घातली.) एवढा बदल करताच जुना पायथनचा प्रोग्रॅम सात मिनिटांत मोकळा झाला. मुलाचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती. काम आम्हीच सांगितले होते.

भाषा बदलावीच लागते, अशीही ठिकाणे आहेत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेत कोणी कुठपर्यंत संदेश वाचले याची नोंद ठेवणारा भाग गो भाषेत होता. नको झालेली मेमरी गो स्वतःच साफ करते, आणि निदान दर दोन मिनिटांनी ही झाडलोट होतेच. त्या क्षणी उत्तरे रेंगाळत. त्यांनी आधी मोजले, गोमध्येच फेरफार करून पाहिले, आणि मग तो भाग रस्टमध्ये लिहिला. 2020 साली त्यांनी हे जाहीर केले. रस्टमध्ये अशी मधेच होणारी सफाई नसते.

आमची यादी वर्षातून एकदा निघते. सात मिनिटे चालली असती. तरी नावे ताडण्याचा भाग त्या मुलाच्या सी++ मधून घेतला, बाकीचे पायथनमध्येच ठेवले. नमपाय ही गणिताची लायब्ररीसुद्धा अशीच आहे: वर पायथन, आत मुख्यतः सी. आता काम अर्ध्या मिनिटाच्या आत होते.

यंदाच्या स्मरणिकेतली यादी तीच. आपले नाव दोनदा आले असेल तर कार्यालयात जरूर सांगावे.