फोड भरल्यानंतरचे अठरा महिने
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांच्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्ष महोदयांकडून घेतली आहे. ती ओळ म्हणजे त्वचारोग विभागातील ‘तीन दिवसांचे प्रवेश’. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. धडधाकट दिसणारा माणूस दर महिन्याला तीन दिवस खाट अडवतो, हे प्रारंभी माझ्या हिशेबात बसत नसे.

या खाटेमागे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांचे संशोधन आहे. पेम्फिगसचा रुग्ण आपल्या नांदेड-लातूरकडे पुष्कळदा नागीण समजून आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेला जातो. वस्तुतः या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांवर उलटते. पेशींची जोडणी सुटते आणि अंगावर पाण्याचे फोड येऊन फुटतात. अनेकांना आरंभी तोंडातच जखमा होतात, घास गिळवत नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे नातेवाइकांनी कृपया ध्यानात घ्यावे. रुग्णाचे ताट वेगळे करण्याचे काहीही कारण नाही.

स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेम्फिगस बहुतेकांचा प्राण घेत असे. ती आल्यावर जीव वाचू लागले, परंतु रोजच्या मोठ्या मात्रेने मधुमेह, ठिसूळ हाडे आणि जंतुसंसर्ग मागे लागत. डॉ. पसरिचा यांनी वेगळा मार्ग धरला. सलग तीन दिवस डेक्सामेथासोनची १०० मिलिग्रॅम मात्रा सलाइनच्या बाटलीतून संथपणे द्यावयाची, दुसऱ्या दिवशी त्यात सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम मिळवावयाचे आणि हाच क्रम दर २८ दिवसांनी करावयाचा. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची ५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज. नाडीच्या ठोक्यासारखी अंतराने दिली जाते, म्हणून ही ‘पल्स’ पद्धती. त्यांचा याविषयीचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढे ल्युपस आणि त्वचा कठीण करणाऱ्या स्क्लेरोडर्मासारख्या संयोजी ऊतींच्या आजारांतही ही पद्धती वापरून पाहिली गेली. तिचा खरा लौकिक मात्र पेम्फिगसमुळेच. डेक्सामेथासोन किती स्वस्त आहे, हे २०२० च्या साथीत आपण सर्वांनी पाहिले.

औषधांपेक्षाही मोलाचे मला त्यांचे वेळापत्रक वाटते. जखमा पूर्ण भरेपर्यंत पहिला टप्पा. त्यानंतर, अंगावर काहीही नसताना, आणखी नऊ महिने पल्स आणि पुढचे नऊ महिने केवळ रोजची गोळी. त्यानंतर देखरेख. नऊ-नऊ महिन्यांची ही मुदत त्यांनी अनुभवाने सुधारून ठरविली.

नेमके येथेच आपले गणित चुकते. कंधार तालुक्यातील एक भगिनी चार पल्सनंतर पूर्ण बऱ्या दिसू लागल्या. सोयाबीनची काढणी आली, मजुरी बुडविणे परवडेना, त्या आल्या नाहीत. आमच्या कार्यालयातून साधे पत्रही गेले नाही. तो दोष माझा. काही महिन्यांनी त्यांना एस.टी.तून आणले तेव्हा पाठीला वस्त्र लावता येत नव्हते. उपचार पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू झाले.

ही पद्धती निर्दोष आहे असे नव्हे. सायक्लोफॉस्फामाइडमुळे अपत्यप्राप्तीस बाधा येऊ शकते, म्हणून तरुण रुग्णांत ते टाळले जाते. क्षयरोग, रक्तदाब व साखर आधी तपासावी लागते. अलीकडे रिटुक्सिमॅब हे औषध पुढे आले असून २०१८ साली अमेरिकेने पेम्फिगससाठी त्यास मान्यता दिली. ते कोणास द्यावे, हे आमचे डॉक्टर ठरवितात. त्याचे बिल पाहून मात्र माझी झोप उडते.

देणगीदारांचे मन व्याकुळ रुग्णाकडे धावते, हे स्वाभाविक आहे. फोडांनी भरलेल्या अंगासाठी आम्हाला कधी हात पसरावा लागला नाही. बऱ्या दिसणाऱ्या माणसाच्या एस.टी. भाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी देणगी मागणे अवघड जाते. विश्वस्त मंडळाच्या संमतीने यंदा ‘पाठपुरावा व प्रवास’ असे स्वतंत्र खाते उघडले आहे. पल्सची तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी आमची परिचारिका घरी दूरध्वनी करते. कंधारच्या त्या भगिनींची पुढील तारीख येत्या सोमवारी आहे. भाडे त्यांच्याकडे पोहोचले आहे.