मुलगी फौजेत जाईन म्हणते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. वर्धापनदिनाला मी सतरंज्या घालायच्या आणि चहाचे पाहायचे, हे दरवर्षीचे ठरलेले आहे. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, "तुमच्या मुलीविषयी चार शब्द बोला." मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "घरात जे बोलता तेच बोला." भगिनींनो, खरे सांगायचे तर घरात मी जे बोलत होते त्याचीच मला आज लाज वाटते. म्हणून तेच सांगायला उभी राहिले आहे.

माझी थोरली मुलगी कॉलेजात एन.सी.सी.मध्ये गेली आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, मी फौजेत जाणार." मी पोळ्या लाटत होते. लाटणे न थांबवता मी म्हटले, "तुला जमायचं नाही बाई ते." आपल्या सीताबर्डीतल्या एका चौकाला आपण झाशीच्या राणीचे नाव दिले आहे. बसमधून जाताना तिला मनातल्या मनात नमस्कार करणारी मी. पण राणी आपल्याच घरात जन्माला येते म्हणाली, की आपण तिला पोळ्या शेकायला बसवतो.

मग शेजारपाजार होताच. एक म्हातारी म्हणाली, "काय वं, पोरीले फौजेत धाडतं का? मंग लगन कोनासंग करशीन?" माझी मुलगी अंगाने उंच आहे. त्या उंचीवरून लग्नाच्या बाजारात काय काय बोलले जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे सैनिकी पोलीस दलातल्या भरतीची जाहिरात आली तेव्हा तिने मला वाचून दाखवले की, मुलींना उंची १६२ सेंटिमीटर हवी. ती १६५ भरली. ज्या गोष्टीची मला इतकी वर्षे काळजी वाटत होती, तीच त्या कागदावर पहिली अट म्हणून छापलेली होती. तरी माझे डोळे उघडले नाहीत.

पहिल्या वर्षी ती लेखी परीक्षा पास झाली. मग मैदानी चाचणी होती. सोळाशे मीटर धावायचे. आठ मिनिटांच्या आत आले तर निभावते, साडेसात मिनिटांच्या आत आले तर गुण जास्त. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. माझ्या मुलीला आठ मिनिटे चौतीस सेकंद लागले. रात्री उशिरा घरी आली. मी ताट वाढले आणि म्हटले, "मी म्हटलंच होतं." ती रडली नाही. जेवली, ताट घासून ठेवले आणि धावण्याचे बूट माळ्यावर टाकले.

भगिनींनो, त्या रात्री मला वाटले की बरे झाले, वेड उतरले. दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावर चढले तेव्हा ते बूट हाती लागले. एका बुटात एक लहानशी वही खुपसलेली होती. तीत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे वेळ लिहिलेली होती. नऊ मिनिटे पन्नास. नऊ मिनिटे बत्तीस. आठ मिनिटे एकोणसाठ. चार महिन्यांत पोरीने सव्वा मिनिटाच्या वर वेळ कमी केली होती आणि मला, तिच्या आईला, त्याचा पत्ता नव्हता. शेवटच्या पानावर वेळ नव्हती. एकच वाक्य होते : "आई म्हणते ते खरं असेल."

मी शिडीवरच बसून राहिले.

मला माझे दिवस आठवले. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा तालुक्याच्या गावी, एस.टी.ने जावे लागे. मला कोणी मारले नाही, कोंडले नाही. बाबा चांगले होते. आई एवढेच म्हणाली, "पुरे झालं आता, तुला कुठं झेपणार?" मी ते खरे धरले. आज माझे वय चाळीसच्या वर गेले, पण बँकेत पैसे भरायची चिठ्ठी लिहिताना माझा हात थरथरतो, आणि कानात आईचेच शब्द येतात. तिने ते वैराने म्हटले नव्हते, काळजीने म्हटले होते. मीही काळजीनेच म्हणत होते. पण काळजीने म्हटलेला नकारही पोरीच्या मनात जाऊन बसतो, आणि पुढे तिला वाटते की हा आपलाच आवाज आहे.

आपण म्हणतो, हल्लीच्या मुलींना स्वतःवर विश्वास नाही. विश्वास नसतो असे नाही, आपणच तो रोज थोडा थोडा काढून घेतो. एवढी एकच गोष्ट मला आज सांगायची आहे.

मी ते बूट खाली आणले, दोन दिवस उन्हात वाळवले आणि दाराशी ठेवले. मुलगी म्हणाली, "तू काढलेस?" मी म्हटले, "हो. उद्यापासून मीही येते." ती हसली. "तू काय करशील?" मी म्हटले, "घड्याळ धरीन."

आमच्या यांनी मैदानावर टेपाने मोजून चुन्याने चारशे मीटरची फेरी आखून दिली. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर. धाकट्या मुलाकडे सकाळचे पाणी भरणे आणि अंगण झाडणे दिले. सासूबाई आधी नाराज होत्या. पण आता रात्री मूठभर चणे भिजत घालण्याचे काम त्याच आठवणीने करतात आणि सकाळी गुळाचा खडा बरोबर देतात. घरातले एक माणूस धावत असले, तरी त्यामागे चार माणसांचे हात लागतात, हे मला तेव्हा समजले.

दुसऱ्या वर्षी ती लेखी परीक्षेतच थोड्या गुणांनी राहिली. गणिताने घात केला. त्या दिवशीही ती बूट माळ्यावर टाकायला निघाली होती. पण या वेळी "मी म्हटलंच होतं" हे शब्द मी गिळले. मी फक्त विचारले, "उद्या किती वाजता उठवू?" मोठमोठी धीराची भाषणे मला येत नाहीत. पण एवढा प्रश्न विचारता येतो, आणि तो पुरतो, असा माझा अनुभव आहे.

नापास होणे म्हणजे संपणे नव्हे, हे मला पटवायला मुलीने एक गोष्ट सांगितली. आपले राष्ट्रपती झालेले डॉ. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलात जायला डेहराडूनला गेले होते. पंचवीस उमेदवार होते, निवडायचे आठ होते, आणि त्यांचा नंबर आला नववा. तो माणूस तेवढ्याने बसला नाही. अधिकारी होण्यासाठी पाच दिवसांची जी निवड परीक्षा असते, तिच्यात एकदा परत पाठवलेली मुले पुन्हा बसू शकतात. नकार त्या दिवसापुरता असतो, तो कपाळावर लिहिलेला नसतो.

आणि बाईमाणसाला हे जमत नाही, असे जे आपण म्हणतो, ते आता कोणत्या तोंडाने म्हणायचे? सैन्यात बायकांच्या अधिकारी म्हणून नेमणुका १९९२ पासून होऊ लागल्या आणि १९९३ साली चेन्नईच्या अकादमीतून त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. पुढे त्यांना कायमची नेमणूक द्यावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे सरकारतर्फे असेही सांगण्यात आले होते की, खेड्यापाड्यांतून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. न्यायालयाने ते मानले नाही आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी बायकांच्या बाजूने निकाल दिला. मी स्वतः खेड्यातली आहे. खेड्यातला मुलगा आईचा हुकूम मुकाट्याने मानतोच की!

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुली घेऊ लागले आणि ३० मे २०२५ रोजी तिथून पहिल्या १७ मुली शिकून बाहेर पडल्या. सैनिकी पोलीस दलात मुलींची जवान म्हणून पहिली तुकडी, ८३ जणींची, मे २०२१ मध्ये बंगळूरला तयार झाली. आणि आपल्या नागपूरचीच अंतरा मेहता २०१८ साली हवाई दलात अधिकारी होऊन लढाऊ विमानांसाठी निवडली गेली. आपल्या डोक्यावरून विमान गेले की आपण वाळत घातलेल्या पापडांवरची नजर वर करतो. तशाच विमानात आपल्या गावची मुलगी बसलेली असू शकते.

पण मैत्रिणींनो, आपल्या मनातली खरी भीती उंचीची नाही, लग्नाचीही नाही. फौजेत माणूस मरतो, ही ती भीती आहे. ती मी लपवणार नाही. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांची हकीकत मुलीने मला वाचून दाखवली. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना वीरगतीला गेले. पदरी दोन लहान मुले. फौज काय मागते, हे या बाईला साऱ्या जगापेक्षा जास्त माहीत होते. तरी त्यांनी ठरवले की आपणही सैन्यात जायचे. वय निघून गेले होते, त्याची सवलत मिळाली. पण निवड परीक्षा त्यांनाही द्यावी लागली, आणि चेन्नईचे प्रशिक्षण आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने पुरे करावे लागले. मुलांना वसतिगृहात ठेवावे लागले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांना त्या दिवसांत भीती वाटली नसेल, असे मला वाटत नाही. आई आहे, तिला भीती वाटणारच. पण भीती वाटली म्हणून त्या मागे फिरल्या नाहीत. मी मुलीला आता "मला भीती वाटते" असे सांगते, "तुला जमणार नाही" असे सांगत नाही. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले माझे आहे, दुसरे मी तिच्या गळ्यात बांधत होते.

काही भगिनी म्हणतील, चार वर्षांचीच तर नोकरी, पुढे काय? प्रश्न योग्य आहे. २०२२ साली निघालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना पुढे ठेवायचे, असे ठरले. बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळायचे. म्हणजे चौघींतल्या तिघी परत येणार, हे समजून-उमजून जावे. मीही मुलीला ते स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "परत आले तर पोलिसात जाईन, नाहीतर मुलींना धावायला शिकवीन." पदवीधर मुलींसाठी चेन्नईची वाट आहे, बारावीनंतर खडकवासल्याची आहे, सैनिकी परिचारिकांची आहे. एक दार लागले तर दुसरे ठोठावावे. एक मात्र सांभाळा. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. भरतीला असा दाम लागत नाही, दम लागतो.

यंदा माझी मुलगी लेखी परीक्षा पास झाली आहे. पुढच्या महिन्यात मैदानी चाचणी आहे. परवा सकाळी मी घड्याळ धरले होते. सात मिनिटे एकेचाळीस सेकंद. साडेसातला अकरा सेकंद कमी करायचे आहेत. होतील की नाही, मला ठाऊक नाही. जागा थोड्या आहेत आणि धावणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. पण वहीच्या शेवटच्या पानावरचे ते वाक्य तिने खोडले आहे. तेवढे जरी झाले असले, तरी माझी पहाटेची झोप वाया गेली नाही.

आता शेवटी मंडळापुढे एक मागणे मांडते. तिच्याबरोबर आपल्या गल्लीतल्या आणखी तीन मुली धावायला येऊ लागल्या आहेत. पहाटे साडेपाचला मैदानावर अंधार असतो, रिकामटेकडी पोरे मोटारसायकली लावून उभी असतात. दोघींच्या घरून म्हणूनच बंदी होण्याच्या बेतात आहे. त्यांना आपल्या उपदेशाची गरज नाही. कोणीतरी मोठे माणूस तिथे उभे पाहिजे. हळदीकुंकवाची पाळी आपण वाटून घेतो, भजनाची घेतो. तशी दोघीदोघींची पाळी मैदानासाठी लावावी. धावायचे नाही, फक्त उभे राहायचे आहे. घड्याळ कसे धरायचे, ते मी शिकवीन. सातवी शिकलेल्या बाईला जमले, ते तुम्हालाही जमेल.

वही मी बरोबर आणली आहे. सभा संपली की चहाच्या टेबलाशी बसते. ज्यांची तयारी असेल त्यांनी नावे द्यावीत.