पूल खालून कोसळतो
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

२३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे, तेव्हाच्या मद्रास राज्यात अरियलूरजवळ, मरुदैयार नदीच्या पुराने रेल्वेपुलाचा आधार हिरावून नेला आणि तुतिकोरीनकडे निघालेली एक्सप्रेस पाण्यात गेली. शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून असाच संहार झाला होता. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. शास्त्री दोषी आहेत म्हणून नव्हे, तर चांगला पायंडा पडावा म्हणून नेहरूंनी तो स्वीकारला. हा प्रसंग आपण सभांतून अभिमानाने सांगतो. परंतु पुराचे पाणी पूल पाडते कसे, हे मात्र क्वचितच समजून घेतो.

नदीवरचे पूल पुष्कळदा वरच्या भाराने मोडत नाहीत. खालून पोखरले जातात. वाहते पाणी खांबावर आदळले की त्याचा काही भाग खाली वळतो आणि खांबाच्या पायथ्याशी भोवरा तयार होतो. तो भोवरा तळाची वाळू उचलून नेतो. खांबांमुळे प्रवाहाची वाट अरुंद झालेली असते, म्हणून वेग वाढतो आणि खड्डा खोल होतो. पायाखालची जमीन गेली की भक्कम खांबही कलतो. यातील कपट असे की, पूर ओसरताना वाहून आलेली वाळू तोच खड्डा भरून टाकते. पाहणी करणाऱ्याला सारे ठीक दिसते. पण त्या सैल भरावात पूर्वीची ताकद नसते.

आयर्लंडमधील डब्लिन-बेलफास्ट मार्गावरचा मॅलाहाइडचा पूल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्याचे खांब खाडीतील दगडी बंधाऱ्यावर उभे होते. भरती-ओहोटीने दगड वाहून जात आणि जुने कर्मचारी वेळोवेळी तेथे नवे दगड टाकीत. पुढे ती प्रथा थांबली. ऑगस्ट २००९ मध्ये खाडीत नौका वल्हवणाऱ्या एका स्काउट नेत्याने पुलाजवळचा प्रवाह बदलल्याचे रेल्वेला कळवले. अभियंता येऊन पाहून गेला. त्याला धोका दिसला नाही. २१ ऑगस्टला एक खांब कोसळला. पुलावरून नुकत्याच गेलेल्या गाडीच्या चालकाने खचण्याची चिन्हे पाहून तत्काळ कळवले, म्हणून जीवितहानी टळली. चौकशीत आढळले की, जुनी माणसे गेली तशी त्यांच्याबरोबर पुलाच्या झिजेची माहितीही खात्यातून निघून गेली होती.

साथींनो, यातला धडा आपल्यासाठी आहे. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरदाजवळ पुराने रुळाखालचा भराव नेला आणि मुंबईहून निघालेली कामायनी व मुंबईकडे येणारी जनता या दोन्ही गाड्या घसरल्या. पावसाळी रात्री कंदील वा बॅटरी घेऊन रुळावर गस्त घालणारा गँगमन आपल्याला यंत्रणेचा सर्वांत खालचा माणूस वाटतो. वस्तुतः नदीचे बदलते वागणे प्रथम त्यालाच दिसते. त्याची जागा रिकामी ठेवणे किंवा ती कंत्राटावर देणे म्हणजे पुलाची स्मृती पुसणे होय.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. पुराच्या काळात खांबाजवळची खोली मोजली जावी. पाण्याखालचा पाया पाणबुड्यांकडून तपासला जावा. धोक्याच्या पातळीची खूण ओलांडताच गाडी थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला निःशंकपणे वापरता यावा. पुलालगतचा वाळूउपसा बंद व्हावा, कारण तो नदीचा तळच खाली नेतो. आणि तपासणीचे अहवाल जनतेला पाहता यावेत.

पूर निसर्गाचा असतो. दुर्लक्ष माणसाचे असते. राजीनाम्याने नैतिकतेची बूज राखली जाते, पण पायाखालची वाळू परत येत नाही. ती राखायची तर जबाबदारी अपघातानंतर नव्हे, पावसाळ्यापूर्वी घ्यावी लागेल. ती घ्यायला लावणे हे आपले काम आहे.