बारीक रेघ



माझ्या नावापुढे आजचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. हा हमालांचा कार्यकर्ता. हा दरवाढीवर बोलेल, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलेल. याला एअरब्रशच्या रेघेशी काय कर्तव्य, असे मनात येणे साहजिक आहे. तेव्हा आधी कारण सांगतो.

आमच्या गल्लीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा प्लॅस्टिकची लहान लहान विमाने जुळवतो. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची. पैसे साठवून त्याने एअरब्रश घेतला, छोटा कॉम्प्रेसर घेतला, आणि पंखावर बारीक काळसर रेघ मारायला गेला, तो बोटाएवढा धुरकट पट्टा उठला. आता हिशेब करा. त्या विमानावरची एक मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा पट्टा. मग बोटाएवढी रेघ म्हणजे तिथे साडेतीन फुटांची पायवाटच झाली! "काका, मला खराब गन दिली हो दुकानदारानं," म्हणत तो माझ्याकडे आला. मी एके काळी रंगाच्या कामावर होतो हे त्याला कुणीतरी सांगितले होते. मी गन पाहिली. गन उत्तम होती.

हे हत्यार तसे जुने आहे. अमेरिकेत १८७० नंतरच्या दशकात त्याची पहिली रूपे निघाली. पुढे चार्ल्स बर्डिक याने ते सुधारून पेनासारखे हातात धरण्याजोगे केले, आणि ते १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांपुढे आले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आणि इकडे लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला हात घातला, तेही साल १८९३ च. प्रारंभी या ब्रशाचे काम फोटो दुरुस्त करण्याचे होते. पुढे तो हिंडत हिंडत आमच्या गणपतीच्या कारखान्यांत येऊन पोचला, आणि तिथे माझी त्याची गाठ पडली.

१९८७ साली मी दहावी नापास झालो. आमच्याकडची माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात; माझ्याही हातात कोयताच यायचा. पण आमच्या तालुक्यातले एक वयस्कर कारागीर पेणला गणपती रंगवायला जात असत. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. त्यांनी वडिलांना सांगितले, "पोराला एक हंगाम माझ्यासंगं द्या." असा मी पेणला गेलो. पेणच्या आसपास, हमरापूर, जोहे या गावांत घरोघर मूर्ती होतात. ओसरीवर गणपती, माळ्यावर गणपती, झोपायची जागा तेवढी नाही. पहिला महिनाभर मी डबे धुतले. मग मामांनी हातात गन दिली.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी केसांच्या ब्रशाने होते, ते काम तर वेगळ्याच अधिकाराचे. पण पापणीवरची सावली, सोंडेच्या वळ्या, पितांबराच्या निऱ्यांची खोली, ही रेघ एअरब्रशची. केसांच्या ब्रशाची रेघ कडक येते, ठिकाणावर थांबते. एअरब्रशची रेघ दोन्ही बाजूंनी विरत जाते, आणि म्हणून ती बारीक ठेवणे अवघड.

या हत्याराच्या पोटात एक लांब सुई असते. तिचे टोक नोझलच्या भोकात बसते. खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरते आणि तेवढ्या फटीतून रंग निघतो. मोटारीला रंग देण्याच्या गनचे भोक सव्वा-दीड मिलिमीटरचे. बारीक कामाच्या एअरब्रशचे मिलिमीटरच्या पाव हिश्शाच्या आगेमागे. नवखा माणूस म्हणतो, भोक बारीक घेतले की रेघ बारीक येईल. तसे नाही. रंग भोकातून निघाला की शंकूसारखा फाकत जातो. वीतभर अंतरावरून मारला तर तो फवाराच. रेघ हवी असेल तर टोक जवळजवळ टेकवावे लागते, मध्ये अर्धे पेर जागा राहील एवढे. पण जवळ गेलात की हवेचा जोर ओला रंगच ढकलून देतो, आणि रेघेला कोळ्यासारखे पाय फुटतात. म्हणून हवा कमी करायची. साध्या कामाला चौरस इंचाला पंचवीस-तीस पौंड असेल तर इथे दहा ते पंधरा. हवा कमी केली की घट्ट रंग तिला उचलवत नाही, तो थुंकल्यासारखा ठिपके टाकतो. म्हणून रंग पातळ करायचा, दुधाइतका. रंग पातळ झाला की ओघळतो. म्हणून खटका नुसता केसभर मागे घ्यायचा. एक कमी केले की दुसरे कमी करावे लागते, दुसरे केले की तिसरे. आमच्या मुलाने गन जवळ तेवढी नेली होती. हवा तीस पौंड आणि रंग दुकानातून आला तसा.

हाताचेही एक शास्त्र आहे. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. आणि रंग सुटण्यापूर्वी हात चालू झालेला हवा, नाहीतर रेघेच्या दोन्ही टोकांना मुंगीच्या डोक्यासारखे गोळे बसतात. मनगट वळवायचे नाही, कोपरापासून हात न्यायचा. मामांनी मला पंधरा दिवस जुन्या वर्तमानपत्रावर नुसते ठिपके मारायला लावले. एका आकाराचे शंभर ठिपके ओळीने आले की म्हणाले, "आता ते जोड." मला राग येई. बाहेर कारखानदार ओरडतो आहे आणि मी आपला ठिपके मारतो आहे.

एकदा घाईत माझ्या हातून सुई पडली. डोळ्यांना काही दिसेना, पण फवारा डावीकडे जाऊ लागला. कारखानदाराने चार दिवसांचा रोज कापला. मामांनी सुई नखावरून हलकेच फिरवली. जिथे ओरखडा उठला तिथे टोक आकडीसारखे वळलेले होते. ते त्यांनी काचेवर लाटून, बारीक पॉलिश-कागदावर फिरवून सरळ केले. रोज मात्र परत मिळाला नाही.

अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कापडावर ग्रंथ लिहिला आहे, हातभर नव्हे, चाळीसेक फूट. ती पाहताना मला अध्यात्मातले फार कळले असे म्हणणार नाही. मी पाहत होतो तो शाईचा दाटपणा. कापडावर शाई जरा पातळ झाली की धाग्यात पसरते, जरा दाट झाली की बोरू अडतो. तो हिशेब त्या महापुरुषालाही सुटला नसेल, असे माझ्या रंगाऱ्याच्या मनाला वाटते.

असो. पुढे मी रंग सोडला, युनियनमध्ये आलो. वाचायला शिकलो तो तिथेच, मागणीपत्रे आणि कायद्याची पुस्तके लावीत. २००९ साली आपल्या जिल्ह्यातल्या एका गावी मूर्तींच्या कारखान्यात वीसेक माणसांची संघटना बांधली. मामा तोपर्यंत पेणहून परत येऊन तिथेच काम करीत होते. आम्ही आठ दिवस काम बंद ठेवले आणि दर मिळवला: मूर्तीच्या उंचीवर, फुटाला अमुक. सगळ्यांना एक दर, कुणावर मेहेरबानी नाही. मोठ्या समाधानाने मी तो करार वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. मामांनी टाळी वाजवली नाही. चौथ्या दिवशी ते काम सोडून गेले.

मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "फूट मोजलास बाबा. रेघ कुठं मोजलीस?" माझ्या ध्यानात येईना. तेव्हा त्यांनी कोनाड्यातून दोन मूर्ती काढल्या, एक वीतभर, एक दोन फुटांची, आणि माझ्या हातात घड्याळ दिले. मोठ्या मूर्तीच्या पापण्यांची सावली त्यांनी पाच मिनिटांत उरकली. लहानीला सतरा मिनिटे लागली, त्यात दोनदा सुई पुसावी लागली. मूर्ती जेवढी लहान तेवढी रेघ बारीक, आणि रेघ जेवढी बारीक तेवढा वेळ. आमच्या करारात मात्र लहान मूर्तीला दाम सर्वांत कमी. ज्याच्या हाताखाली मी ठिपके मारायला शिकलो त्याचीच मजुरी मी समतेच्या नावाने कापून ठेवली होती, आणि ज्याने वीस वर्षे रंगाला हात लावला नव्हता असा मी, तो दर ठरवायला बसलो होतो!

पुढच्या हंगामात आम्ही करार बदलला. अंगाचा रंग फुटावर, आणि रेघेचे काम चेहऱ्यावर, मूर्ती केवढीही असो. कारखानदाराने कुरकुर केली, पण मानले. मी मामांना बोलवायला गेलो तेव्हा त्यांचा दम उखडलेला होता. खाटेवर बसूनच ते बोलले. एअरब्रशचा रंग जितका मूर्तीवर बसतो तितकाच हवेत तरंगतो, आणि बारीक रेघ मारणाऱ्याचे नाक त्या रंगाच्या वीतभर जवळ असते. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. धुळीचा साधा मास्कही अडवत नाही. त्याला कोळशाची डबी लावलेला मास्क लागतो आणि तोंडावर वारा घालणारा पंखा नव्हे, मूर्तीच्या पलीकडून हवा बाहेर ओढून नेणारा पंखा लागतो. घरगुती रंगांतल्या शिशाला २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घातली, हे चांगले झाले. पण वाफेचे काय? आमच्या मागणीपत्रात मास्क सहाव्या क्रमांकावर होते. बोलणी पाचव्यावर थांबली आणि आम्ही हार घालून घरी गेलो.

मामा त्यानंतर दोन वर्षांनी वारले. त्यांचा एअरब्रश त्यांच्या नातवाकडे आहे. तो ट्रकच्या मागे मोर काढतो, आणि मोराच्या पिसातली रेघ पाहिली की हात ओळखू येतो.

विमानवाल्या मुलाने आज आपली गन आणि कॉम्प्रेसर इथे आणून ठेवला आहे. डब्यात शाई आणि पाणी आहे, थिनर नाही. जुनी वर्तमानपत्रे मी आणली आहेत. ज्यांना हात करून पाहायचा असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे. रेघ कुणी मारायची नाही; आज फक्त ठिपके.