सातबारा पाहतो, तसा सिबिलही पाहावा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचं पैशांचं नियोजन’ असा विषय दिला होता. राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षं काढली म्हणून असेल. पण गेल्या वर्षभरात आपल्या बॅचच्या तिघांचे मला फोन आले ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी कधीही न काढलेलं कर्ज त्यांच्या नावावर निघालं होतं. म्हणून आज तेवढंच बोलतो.

तिघांपैकी एकाची हकीकत त्याच्या परवानगीनं सांगतो. नाव सांगणार नाही. तो इथंच बसलाय, उगाच माना वळवू नका. चिखलीकडे त्याची शेती आणि छोटं दुकान आहे. मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेला, तर बँकेनं सहकर्जदार म्हणून बापाचा सिबिल काढला आणि अर्ज बाजूला ठेवला. रिपोर्टमध्ये नाशिकच्या पत्त्यावर घेतलेली मोटारसायकल होती, तिचे अकरा हप्ते थकलेले. शिवाय मोबाईल ॲपवरची दोन किरकोळ कर्जं. हा गडी अजून त्याच जुन्या गाडीला किका मारतो, हे तुम्ही सकाळी पाहिलंच. फी भरायला आठ दिवस उरले होते. वहिनींचे दागिने सोनेतारणात गेले.

पुढची फरफट मला जास्त लागली. फायनान्स कंपनी म्हणाली, आधी एफआयआर आणा. ठाण्यात म्हणाले, आधी कर्जाचे कागद आणा. दोन महिने असेच गेले. शेवटी कागद हाती आले, तेव्हा आधार त्याचं, पॅन त्याचं. पण फोटो दुसऱ्याचा, मोबाईल नंबर दुसऱ्याचा आणि सही मराठीत. हा आठवीपासून इंग्रजीत सही करतो, इंग्रजीच्या सरांना विचारा! त्या सहीवर मोटारसायकलचं कर्ज रिपोर्टमधून निघालं. ॲपवरच्या एका कर्जाचं भांडण अजून चालू आहे.

आता मुद्दा. आपण सगळे शेतकऱ्यांची पोरं. सातबारा काढला की ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचा बोजा चढला आहे का, हे पहिल्यांदा पाहायचं, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसाच एक उतारा आपल्या पतीचाही असतो. पत म्हणजे इथे नवऱ्याशी संबंध नाही, भगिनींनो! त्याला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो. खरं तर अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जाची आणि हप्त्याची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० असा आकडा ठरतो. पीककर्जाला सिबिल पाहू नका, असं सरकारनं बँकांना अनेकदा बजावलं आहे. पण घर, ट्रॅक्टर, पोरांचं शिक्षण यांसाठी तो आकडा बघितला जातोच.

हा उतारा फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षात चार. एकदम काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढा. आकड्याकडे नंतर बघा. आधी आपल्या नावावरची खाती मोजा, मग पत्ते आणि मोबाईल नंबर वाचा. शेवटी चौकशांची यादी असते. तुमचा रिपोर्ट कुणी, कधी मागवला ते तिथे दिसतं. तुम्ही कुठे अर्जच केला नसेल आणि एखाद्या अनोळखी कंपनीची चौकशी दिसली, तर तुमच्या कागदांवर कुणीतरी कर्ज मागतंय असं समजा.

हे कुणा साध्याभोळ्याचंच होतं असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका प्रसिद्ध हिंदी अभिनेत्रीच्या पॅनवर कुणीतरी ॲपमधून २००० रुपयांचं कर्ज काढलं होतं. तिच्यासाठी रक्कम ती काय, पण रिपोर्ट खराब झालाच. आणि आपल्या शेजारच्या मराठवाड्यात गंगाखेडच्या साखर कारखान्याचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांना न सांगता बँकांकडून कोट्यवधींची कर्जं उचलली, या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. डिसेंबर २०२० मध्ये ईडीनं त्यात २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. कर्ज आपल्या नावावर आहे, हे शेतकऱ्यांना कळलं ते बँकेच्या नोटिसा घरी आल्यावर.

कागद फुटतात कुठे? सिमकार्डाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, ‘योजनेचे पैसे मिळतील’ म्हणत गावात फिरणाऱ्याच्या पिशवीत. झेरॉक्स द्यावीच लागते, मान्य. पण तिच्यावर आडवं लिहा: अमुक कामासाठी, अमुक तारखेला, आणि खाली सही. आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत निघते, जिथे चालेल तिथे ती द्या.

आपले सर आणि बाई, तुमच्यासाठी खास. हयातीच्या दाखल्याला तुम्ही अंगठा देता. तेवढं काम झालं की आधारच्या ॲपमधून अंगठ्याला कुलूप लावता येतं, पुढच्या नोव्हेंबरला उघडायचं. नातवाला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

कर्ज निघालंच असेल तर घरात लपवू नका, आणि वसुलीवाल्याच्या धमकीला घाबरून ‘मिटवून टाकू’ म्हणत एक हप्ताही भरू नका. भरलात, तर कर्ज तुमचंच होतं असं ते म्हणायला मोकळे. ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये नोंद दिसली तिच्याकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा, पोच ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी कुणी दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी फोन १४४४८. पोलिसांकडे जाताना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क लक्षात ठेवा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कंपनीचे कागद नाहीत म्हणून तक्रार अडत नाही, हे आमच्या मित्राला दोन महिने कुणी सांगितलं नाही. खात्यातून पैसेच गेले असतील, तर आधी १९३० लावा.

एक जाता जाता. पतसंस्थेतलं कर्ज किंवा तिथे दिलेली जामीनकी या रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. ते तिथेच जाऊन विचारावं लागतं. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था किती, हे वेगळं सांगायला नको.

जेवणानंतर मी दहावी ‘अ’च्या वर्गात बसतो. ज्यांना रिपोर्ट काढायचा असेल त्यांनी मोबाईल आणि पॅन घेऊन या. ओटीपी आला की स्वतः टाका, मलासुद्धा सांगू नका.