नोकरी सुटली, तरी वर्षे आपलीच



आपल्या भागातली पुष्कळ माणसे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला जातात. कोणी वेटर होतो, कोणी आचारी. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली आणि हॉटेलांच्या चुली विझल्या. पुढे २०२१ च्या जूनमध्ये मुंबईचे विमानतळाजवळचे हयात रीजन्सी हे भले मोठे हॉटेल बंद झाले. पगाराला पैसा नाही, असे तिथे सांगितले गेले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर लहान खानावळीची काय कथा! तेव्हा काम गेले म्हणजे माणूस नालायक ठरला, असे नव्हे.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे, कुंभारीचाच. एकोणीस वर्षे तो एकाच हॉटेलात आचारी होता. एके दिवशी मालकाने कागद पुढे केला. म्हणाला, "सही कर आणि या महिन्याचा पगार घेऊन जा." गड्याने आधी कागद वाचला. त्यात लिहिले होते, 'मी राजीखुशीने काम सोडत आहे.' तो म्हणाला, "मालक, मी कुठं सोडतोय? तुम्ही काढताय. तसं लिहून द्या." सही त्याने केली नाही.

हे त्याने फार चांगले केले. का, ते ऐका. वर्षभर तरी काम केलेल्या कामगाराला कमी करायचे, तर मालकाने एक महिन्याची नोटीस द्यायची, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. १९४७ च्या कायद्यात हे होते. नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही आहे. पण आपणच काम सोडले असे लिहून दिले, की ही भरपाई बुडाली.

ग्रॅच्युइटी वेगळी. हॉटेलात दहा किंवा जास्त माणसे असली आणि आपली पाच वर्षे भरली, की ती मिळते. राजीनामा दिला तरी मिळते. हिशेब पाटीवर मांडून पाहा. महिन्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १०,४०० रुपये. त्याला २६ ने भागा. रोजचे ४०० आले. पंधरा दिवसांचे ६,०००. एकोणीस वर्षांचे झाले १,१४,०००! मालक देत नसेल, तर जिथे नोकरी होती तिथल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, बँकेचे पासबुक जवळ असावे.

एक गोष्ट मात्र आम्हाला आवडली नाही. गडी घरी आला आणि आठ दिवस सुट्टी आहे म्हणून सांगत राहिला. त्याची बायको विड्या वळते. नवऱ्याचे काम गेले हे तिला वाण्याच्या दुकानात कळले. ती रागावली, आणि ते बरोबरच होते. मग दोघांनी बसून वही केली. आधी किराणा आणि पोरांची फी, मग उधारी. भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा नाही असे ठरले. एकरकमी पैसा आला की कुठले कुठले पाहुणे आठवण काढतात, हे तिला ठाऊक होते.

आता तो लग्नांचा स्वयंपाक करतो. लग्नसराईत हाताला उसंत नसते. पावसाळ्यात मात्र विड्यांवरच घर चालते. हॉटेलात दोनशे ताटे वाढलेला हा माणूस घरी पाण्याचा तांब्या उचलत नसे. आता भाकरीही थापतो.

ग्रॅच्युइटी त्याला मिळाली. भरपाईची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सगळे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत, आणि किल्ली बायकोकडे आहे.