थरथरता हात आणि नेत्रसेवा

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात एका नेत्रतज्ज्ञांनी केलेले भाषण)



मागील वर्षी हाच कार्यक्रम आटोपल्यावर एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बारावी विज्ञान शाखेत. डोळ्यांची डॉक्टर होण्याची तिची इच्छा. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हिच्या हाताला कंप आहे. चहाचा कप धरला तरी बशी वाजते. हिने हा नाद सोडावा, असे तुम्हीच सांगा. तुमचे ती ऐकेल." मुलीने दोन्ही हात ओढणीखाली लपविले होते. त्या दिवशी घाईत मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते राहिलेले उत्तर आज आपणा सर्वांसमोर देत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पूर्णपणे स्थिर हात कोणाचाच नसतो. निरोगी माणसाचा हातदेखील सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक हलत असतो. एरवी तो कंप दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र डोळा जसा मोठा दिसतो, तसा आपला कंपही मोठा दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक शिकाऊ डॉक्टर घाबरतो.

हा कंप जागरणाने, उपाशी पोटाने, अति चहा-कॉफीने आणि भीतीने वाढतो. थायरॉइडचा विकार असला, किंवा दम्याची काही औषधे चालू असली, तरीही हात कापतो. काही घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या चालत येतो. पालकांनी घरच्या घरी निकाल लावू नये. मुलाला आधी डॉक्टरांना दाखवावे. कारण सापडले तर पुष्कळदा उपाय होतो. मात्र कंप कमी करण्याच्या गोळ्या ऐकीव माहितीवर कधीही घेऊ नयेत. त्यांपैकी काही गोळ्या दम्याच्या रोग्याला धोक्याच्या आहेत.

दुसरी गोष्ट सरावाची. आपल्या जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या भगिनी आपण रोज पाहतो. मांडीवर सूप, कोपर अंगाशी, आणि बोटे न पाहता चालतात. हे कसब कोणी जन्मतः घेऊन येत नाही. नेत्रशल्यविशारदही हात अधांतरी ठेवत नाही. तो मनगटाला आधार देतो, करंगळी रोग्याच्या कपाळाशी टेकवितो आणि आधी बकऱ्याच्या डोळ्यांवर टाके घालून शिकतो.

मदुराईचे डॉ. जी. वेंकटस्वामी यांचे उदाहरण आपण ध्यानात ठेवावे. त्यांना प्रसूतिशास्त्राकडे जायचे होते. ऐन तारुण्यात संधिवाताने गाठले, दीर्घकाळ अंथरुणास खिळावे लागले आणि बोटे कायमची वाकडी झाली. त्यांनी नेत्रशास्त्र निवडले, त्या बोटांत शस्त्र धरण्यास नव्याने शिकले आणि आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली, सेवानिवृत्तीनंतर, त्यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. आज त्याचा विस्तार सर्वज्ञात आहे.

परंतु केवळ हेच उदाहरण सांगून थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन. वाकडी बोटे निराळी आणि थरथरणारी बोटे निराळी. मोतीबिंदूच्या मागील पडदा केसाहूनही कितीतरी पातळ असतो. तेथे हात चुकला तर किंमत रोग्याला मोजावी लागते. माझ्या अब्बांचे हात कापत असत. वयाच्या पंचेचाळिशीनंतर माझेही कापू लागले. औषधे घेतली, काही काळ निभावले. एके दिवशी शस्त्रक्रिया चालू असताना मी उपकरण खाली ठेवले आणि शेजारच्या सहकाऱ्याला माझ्या जागी बसविले. त्यानंतर मी शस्त्रक्रिया केली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी लपवीत नाही.

मग मी घरी बसलो काय? नाही. आपला जिल्हा धानाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत धानाचे कुसळ डोळ्याला लागते, बुबुळावर जखम होते आणि तिच्यात बुरशी वाढते. माणूस दुकानातून कोणतेही थेंब आणून घालतो. त्यांत स्टेरॉइड असले तर बुरशी अधिकच फोफावते आणि डोळा हातचा जातो. ही जखम वेळीच ओळखण्यास हवी ती नजर आणि ज्ञान. मधुमेह्यांच्या दृष्टिपटलाची तपासणी, काचबिंदूचा शोध, शाळकरी मुलांचे चष्मे, नेत्रपेढीचे काम, या साऱ्यांतही माणसांची दृष्टी वाचते. आज मी हेच करतो. शिवाय डॉक्टरकीखेरीज चार वर्षांचा ऑप्टोमेट्रीचा पदवी अभ्यासक्रम आहे. इब्न अल्‌-हैसम यांची कीर्ती आजही टिकून आहे ती प्रकाश आणि दृष्टी यांच्या अभ्यासामुळे, शस्त्रक्रियेमुळे नव्हे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की सतराव्या वर्षी बशी वाजली म्हणून मुलीचे पुस्तक मिटवू नका. आणि विद्यार्थ्यांना सांगणे आहे, की हात लपवू नका. तपासून घ्या, सराव करा, आपल्या शिक्षकांना खरे सांगा. पुढे शस्त्रक्रिया जमली तर उत्तम. न जमली तर ते प्रामाणिकपणे ओळखणे हाही वैद्यकीचा धर्मच आहे.

ती मुलगी आज सभागृहात असेल तर तिने कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. चहा आपण बरोबरच घेऊ. बशी दोघांचीही वाजेल.